पाऊल आणि पायाची बोटं दुखतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊल दुखतं म्हटल्यावर पहिला प्रश्न 'नेमकं कुठे?' हा असतो आणि दुसरा 'कधी?' हा. एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. त्यांना बांधणारे अस्थिबंध, स्नायू आणि नसा वेगळ्याच. त्यामुळे 'पाय दुखतो' एवढ्यावरून काहीच कळत नाही. पण दुखरी जागा एका बोटाने दाखवता आली आणि ती केव्हा दुखते हे सांगता आलं, तर बरंचसं निदान तिथेच होतं. खालचे प्रश्न वाचताना आपली जागा आणि आपली वेळ जुळवून पाहा.

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत जोराची कळ येते. थोडं चाललं की कमी होते. हे काय असतं?

बहुतेक वेळा हा प्लांटर फॅसायटिस असतो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. धनुष्याची दोरी कमान ताणून धरते, तसा हा पट्टा पावलाची कमान धरून ठेवतो. त्याच्यावर सतत जास्त भार पडला की टाचेला जिथे तो चिकटलेला असतो, तिथे तो झिजतो आणि दुखू लागतो. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, त्यामुळे पट्टा आखडतो. सकाळी पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून कळ येते. बराच वेळ बसून उठल्यावरही तसंच होतं.

कारणं साधी असतात: अचानक वाढवलेलं चालणं किंवा धावणं, तासन्‌तास उभं राहण्याचं काम, वाढलेलं वजन, आखडलेल्या पोटऱ्या, पातळ तळाची किंवा झिजलेली पादत्राणं. दहातले आठ-नऊ जण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. पण त्याला आठवडे नाही, महिने लागतात, कधीकधी वर्षही. हे आधीच माहीत असलेलं बरं. कारण पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून लोक व्यायाम सोडतात आणि दुखणं तिथेच राहतं.

एक्स-रेमध्ये 'टाचेचं हाड वाढलंय' असं आलं. ते काढावं लागेल का?

नाही. ही भीती मनातून काढूनच टाका. टाचेखाली आलेलं ते छोटं टोक अनेकांच्या एक्स-रेत दिसतं, आणि त्यांच्यापैकी कित्येकांची टाच आयुष्यात कधी दुखलेली नसते. उलट टाच भयंकर दुखते आणि हाड मात्र अजिबात वाढलेलं नसतं, असेही खूप जण असतात. ते टोक काही मांसात काट्यासारखं रुतत नाही. दुखतो तो पट्टा, आणि टोक तसंच राहूनही दुखणं पूर्ण थांबतं. 'हाड वाढलंय, आता काही होणार नाही' असं मानून बसल्याने होणारं नुकसान त्या हाडामुळे होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे.

टाचेसाठी नेमके कोणते व्यायाम करायचे?

पहिला व्यायाम पलंगावरून पाय खाली टेकवण्याआधी करायचा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, हाताने बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा आणि दहा अंक मोजा. तळव्याचा पट्टा दोरीसारखा ताठ झालेला दुसऱ्या हाताला लागला पाहिजे. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा करा, पण सकाळचा चुकवू नका.

दुसरा पोटरीचा. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवा, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. पुढे झुका आणि अर्धा मिनिट थांबा. मग तोच ताण गुडघा किंचित वाकवून पुन्हा द्या.

तिसरा ताकदीचा, आणि दोन-तीन आठवड्यांनी सुरू करायचा. पायरीवर चवड्याने उभं राहा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. तीन अंक मोजत टाच वर, दोन अंक थांबा, तीन अंक मोजत खाली. एक दिवसाआड करायचा. सुरुवातीला दोन्ही पायांवर, मग जमेल तसा एका पायावर. हा करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असेल, तर मात्र भार कमी करा.

सोबत टाचेखाली मऊ गादी असलेली पादत्राणं वापरा, आणि दुखणं आहे तोवर घरातही अनवाणी फिरू नका.

टाचेत इंजेक्शन घेऊ का?

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान आराम पडतो. पुढे त्याचा फायदा ओसरत जातो. वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी पातळ होण्याचा धोका असतो, आणि ती गादी एकदा गेली की परत येत नाही. म्हणून व्यायाम, पादत्राणं आणि भार कमी करणं हे सगळं मनापासून काही महिने करूनही चालणं अवघड असेल, तरच त्याचा विचार करावा.

माझं दुखणं टाचेच्या खाली नाही, मागे आहे.

मग ते बहुधा अकिलीस टेंडनचं, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड शिरेचं असतं. ती सकाळी ताठ वाटते, चिमटीत धरली की दुखते, कधी जाडही लागते. इथेही उपाय म्हणजे हळूहळू भार वाढवत नेणारा टाचा उचलण्याचा व्यायाम, साधारण बारा आठवडे. शीर टाचेला जिथे चिकटते अगदी तिथेच दुखत असेल, तर टाच पायरीच्या खाली सोडू नका. सपाट जमिनीवरच करा.

एक गोष्ट वेगळी ओळखा. पळताना किंवा उडी मारताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, 'फट' असा आवाज आला आणि त्यानंतर चवड्यावर उभं राहता येईना, तर शीर तुटलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स चालू असताना या शिरेत दुखू लागलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. ही औषधं शिरेला इजा करू शकतात.

चवड्याखाली खडा रुतल्यासारखं वाटतं. मोजा काढून पाहिला तर आत काहीच नसतं.

तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधल्या बेचक्यात असं होत असेल, बोटांकडे चमक जात असेल किंवा ती बधिर होत असतील, तर मॉर्टन्स न्यूरोमाचा संशय घ्यावा. तिथून जाणारी नस दोन हाडांमध्ये दाबली जाऊन जाड होते. अरुंद, टोकदार किंवा उंच टाचेच्या बुटात त्रास वाढतो आणि बूट काढून पाऊल चोळलं की कमी होतो; ही खूण फार बोलकी आहे. बोटांशी रुंद असलेली पादत्राणं आणि बुटाच्या आत चवड्याच्या थोडं मागे बसवलेला छोटा उंचवटा एवढ्यानेही बऱ्याच जणांचं भागतं. नाही भागलं तर इंजेक्शन, आणि शेवटी शस्त्रक्रिया. त्यात नस काढली तर त्या दोन बोटांमधली जागा कायमची बधिर राहू शकते, हे आधी विचारून घ्या.

पडलो नाही, मुरगळलं नाही, तरी पावलाचा वरचा भाग सुजलाय. एकाच ठिकाणी दाबलं की जीव जातो.

चालणं, धावणं किंवा नाचाचा सराव गेल्या काही आठवड्यांत एकदम वाढवला होता का? तसं असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, बहुतेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला. सैनिकांच्या लांब कूचनंतर हे दिसायचं, म्हणून याला मार्च फ्रॅक्चर असंही म्हणतात. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून धावत राहिलात, तर बारीक तड्याचं पूर्ण मोडलेलं हाड होतं. संशय असेल तर एमआरआय करतात. सहा ते आठ आठवडे भार कमी केला की बहुतेक तडे भरून येतात. कमानीच्या वरच्या हाडाचा आणि करंगळीमागच्या हाडाच्या बुंध्याचा तडा मात्र हट्टी असतो, त्याला तज्ज्ञच लागतो. असे तडे पुन्हा पुन्हा जात असतील, तर हाडांची घनता, ड जीवनसत्त्व, पुरेसा आहार आणि स्त्रियांमध्ये पाळीची नियमितता तपासायला हवी.

अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय. रात्री पट्टा लावून अंगठा सरळ होईल का?

होणार नाही. पट्टा लावलेला असतो तोवर आराम वाटेल, पण वाकलेलं हाड त्याने जागेवर येत नाही. याला बनियन म्हणतात. इथे नवीन हाड उगवत नाही. अंगठ्यामागचं लांब हाड आतल्या बाजूला सरकतं आणि अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकतो. हा कल घराण्यात असतो, अरुंद बूट त्यात भर घालतात.

दुखत नसेल तर काहीही करू नका. दुखत असेल तर रुंद पंजाची, वरून मऊ पादत्राणं आणि घासणाऱ्या जागेवर गादी. शस्त्रक्रिया दुखण्यासाठी करावी, केवळ पाऊल सुंदर दिसावं म्हणून नाही. तिच्यानंतर सुमारे सहा आठवडे खास बूट घालावा लागतो आणि सूज पूर्ण उतरायला कित्येक महिने जातात.

अंगठा सरळच आहे, पण वर वळत नाही आणि पाऊल पुढे टाकताना दुखतो.

हा अंगठ्याच्या सांध्याचा संधिवात असतो. सांध्याच्या वरच्या बाजूला टेंगूळ हाताला लागतं. तळ कडक आणि पुढून होडीसारखा वर वळलेला बूट घातला, तर अंगठ्याला वाकावंच लागत नाही. याने मिळणारा आराम अनेकांना चकित करतो.

रात्रीतून अंगठा लालभडक झाला, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही.

हे गाऊटचं अगदी ठरलेलं रूप. रक्तातलं युरिक ॲसिड बराच काळ जास्त राहिलं की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. ते थंड जागी लवकर जमतात आणि पायाचा अंगठा हृदयापासून सगळ्यात लांब, म्हणून थंड. एक दिवस शरीराची संरक्षक यंत्रणा त्या स्फटिकांवर तुटून पडते. एक-दोन आठवड्यांत झटका आपोआप ओसरतो, आणि तो ओसरतो म्हणूनच लोक उपचार टाळतात.

झटक्यात औषध जितकं लवकर, तितकं चांगलं; शक्यतो पहिल्या 24 तासांत. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, कोल्चिसिन किंवा थोडे दिवस स्टेरॉइड, यांतलं काय द्यायचं ते तुमच्या मूत्रपिंडावर, पोटावर आणि इतर औषधांवर ठरतं. म्हणून शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. पाय उंच ठेवा, बर्फ कापडात गुंडाळून लावा. सोबत थंडी-ताप असेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग नाही ना, हे त्याच दिवशी तपासून घ्या. दोन्ही दिसायला अगदी सारखे असतात.

झटका आला तेव्हा युरिक ॲसिड नॉर्मल आलं. म्हणजे गाऊट नाही?

असं म्हणता येत नाही. झटका चालू असताना रक्तातली पातळी उतरलेली असू शकते. झटका गेल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. उलट बाजूही लक्षात घ्या: नुसतं युरिक ॲसिड वाढलेलं आहे आणि सांधा कधीच सुजलेला नाही, अशा बहुतेकांना गोळीची गरज नसते. पायाच्या कोणत्याही दुखण्याचं खापर युरिक ॲसिडवर फोडण्याची सवय फार पसरली आहे, आणि तिच्यामुळे खरं कारण शोधायचं राहून जातं.

युरिक ॲसिडची गोळी कायम घ्यावी लागते का?

वर्षातून दोन किंवा जास्त झटके, सांध्याची झीज, त्वचेखाली स्फटिकांच्या गाठी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर बहुतेकदा हो. ॲलोप्युरिनॉल ही युरिक ॲसिड उतरवणारी गोळी कमी मात्रेने सुरू करून, रक्तातली पातळी दर 100 मिलिलिटरला 6 मिलिग्रॅमच्या खाली येईपर्यंत मात्रा वाढवतात. त्याखाली जुने स्फटिक विरघळू लागतात. गंमत अशी की सुरुवातीच्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात, कारण विरघळणारे स्फटिक हलतात. म्हणून सोबत कमी मात्रेत कोल्चिसिन देतात. 'गोळी सोसली नाही' असं समजून नेमकी याच काळात ती सोडली जाते. झटका आला तरी चालू असलेली गोळी बंद करायची नाही. अंगावर पुरळ उठलं तर मात्र लगेच थांबवून डॉक्टरांकडे जा.

खाण्यापिण्यात मद्य, विशेषतः बिअर, साखर घातलेली पेयं, यकृत-मूत्रपिंडासारखं अवयवांचं मांस आणि लाल मांस कमी करा. भाज्या आणि कडधान्यं सोडायची गरज नाही. पथ्याने पातळी थोडीच उतरते, त्यामुळे पथ्य पाळूनही झटके आले तर स्वतःला दोष देऊ नका.

अंगठ्याचं नख मांसात घुसतं. कोपरा कापला की बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

कोपरा खोल कापणं हेच कारण आहे. आत राहिलेली बारीक कड वाढताना टाचणीसारखी मांसात शिरते. नख सरळ, आडवं कापा आणि कोपरा मांसाच्या बाहेर दिसेल इतका ठेवा. नुकतं सुरू झालं असेल तर कोमट पाण्यात पाय बुडवून कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवा, रोज बदला.

पू आला असेल, बाजूला लाल मांस वाढलं असेल, तर नुसत्या अँटिबायोटिकने काम होत नाही, कारण रुतलेलं नख आतच असतं. बोट बधिर करून नखाची तेवढी एक पट्टी काढतात आणि तिच्या मुळाशी फिनॉल हे रसायन लावतात, म्हणजे ती कड पुन्हा उगवत नाही. पूर्ण नख उपटण्याची बहुतेकदा गरज नसते. फिनॉल न लावता काढलं, तर दुखणं परत येण्याची शक्यता बरीच जास्त राहते.

तळव्याला कुरूप आहे की चामखीळ, कसं ओळखायचं?

कुरूप सरळ दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. चामखिळीवर बारीक काळे ठिपके दिसतात आणि त्वचेच्या रेषा तिला वळसा घालून जातात. घट्ट्यावरून त्या सरळ जातात. चामखीळ विषाणूमुळे होते आणि मुलांमध्ये बरेचदा आपोआप जाते. कुरूप दाबामुळे होतं, म्हणून दाब हटवल्याशिवाय कितीही खरवडलं तरी ते परत येतं. दोन्हींवर सॅलिसिलिक ॲसिड चालतं. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर मात्र ते अजिबात लावू नका, आणि ब्लेड तर कुणीच चालवू नये.

बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात, खाजतं आणि चिरतं.

ही बहुतेकदा बुरशी असते. बेचकं कोरडं ठेवा, टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमाझोलचं मलम लावा आणि त्वचा स्वच्छ दिसू लागल्यावरही ठरलेले दिवस पूर्ण करा. स्टेरॉइड मिसळलेली मलमं टाळा. खाज लगेच थांबते, पण आत बुरशी पसरत राहते.

पाय मुरगळला. एक्स-रे काढू का?

मुरगळल्यावर लगेचही आणि नंतरही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेवर, पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर किंवा पावलाच्या बाहेरच्या बाजूला करंगळीमागच्या हाडाच्या बुंध्यावर दाबलं की दुखत असेल, तर काढा. एरवी गरज नसते. पहिले दोन दिवस आराम, बर्फ, पट्टी. मग हळूहळू चालणं आणि एका पायावर तोल सांभाळायचा सराव. हा सराव टाळला की तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

आपटून मोडलेलं लहान बोट शेजारच्या बोटाला मध्ये कापूस ठेवून चिकटपट्टीने बांधतात. चार ते सहा आठवडे लागतात. बोट वाकडं झालं असेल, जखम उघडी असेल किंवा मोडलेला अंगठा असेल तर दाखवाच.

कुठेही आपटलं नाही, तरी नखाखाली काळी रेघ आहे.

आपटल्यामुळे आलेला काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो. पूर्ण नख बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं. जागेवरच राहणारी, रुंद होत जाणारी किंवा नखाच्या कडेच्या त्वचेवर पसरलेली काळी रेघ त्वचातज्ज्ञांना दाखवा. क्वचित तो कर्करोग असतो.

रात्री दोन्ही तळव्यांची आग होते, मुंग्या येतात.

दोन्ही पायांत सारखंच होत असेल तर नसांकडे पाहावं लागतं. रक्तातली साखर, बी-12 जीवनसत्त्व, थायरॉइड आणि मूत्रपिंड तपासा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी-12 कमी होऊ शकतं. मद्यपानही मोठं कारण आहे. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की मोकळी होते, किंवा रात्री पाऊल दुखतं आणि खाली लोंबकळत सोडलं की बरं वाटतं, अशा वेळी रक्तवाहिन्या तपासायला उशीर करू नका.

मधुमेह आहे, पण पाय अजिबात दुखत नाहीत. तरी काळजी घ्यायची?

सगळ्यात जास्त काळजी तुम्हीच घ्यायची. साखरेमुळे नसा बधिर झाल्या की बुटातला खडा, फोड, भाजणं काहीच कळत नाही. जखम होते, त्यावरच चालणं होतं, ती खोल जाते. रोज रात्री तळवे आणि बेचकी उजेडात पाहा. वाकता येत नसेल तर आरसा वापरा किंवा घरातल्या कुणाला पाहायला सांगा. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. पाणी किती गरम आहे ते पायाने नाही, कोपराने पाहा. दरवर्षी पावलाची तपासणी करून घ्या. नायलॉनच्या बारीक तंतूचा स्पर्श जाणवतो का, एवढं पाहूनही बरंच कळतं.

पावलावर कोणतीही जखम झाली तर एका दिवसात दाखवा. आणि एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, लाल, सुजलेलं असेल, फारसं दुखत नसलं तरीही, त्यावर चालणं तिथल्या तिथे थांबवून डॉक्टरांकडे जा. आतली हाडं ढासळत असू शकतात. वेळीच प्लास्टर घातलं तर पाऊल वाचतं. 'मुरगळलं असेल' म्हणून दोन महिने काढले तर त्याचा आकार कायमचा बिघडतो.

मुलगा दहा वर्षांचा आहे, खेळून आला की टाच दुखते म्हणतो.

आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग ताणाने दुखतो. टाचेखाली गादी, पोटरी ताणण्याचा व्यायाम, काही आठवडे उड्या-धावणं कमी. वाढ पूर्ण झाली की हे जातंच. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप किंवा सूज असेल, तर मात्र कारण वेगळं असतं.

कुणाला दाखवायचं, आणि जाताना काय न्यायचं?

आधी नेहमीचे डॉक्टर. हाडासांध्याचं असेल तर ते अस्थिरोगतज्ज्ञांकडे, गाऊट हट्टी असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे पाठवतील, व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. आणि नवे बूट घालून जाऊ नका. रोजच्या वापरातली, सगळ्यात झिजलेली जोडी घेऊन जा. तळ कुठे घासलाय, टाच कुठल्या बाजूला कलली आहे, आत अंगठ्याने कुठे खळगा पाडलाय, हे तपासणाऱ्याला पाहू द्या.